यकृताचा कर्करोग : वेळीच तपासणी, योग्य उपचार



यकृताचा कर्करोग प्रारंभी दुखत नाही, हाच त्याचा घात होय. बहुधा तो हिपॅटायटिस ‘बी’, ‘सी’, मद्यपान वा यकृतातील मेद यांतून होणाऱ्या सिरॉसिसमागून येतो. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.

गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रिया, गाठ उष्णतेने जाळणे किंवा यकृत-प्रत्यारोपण यांनी रोग समूळ जाऊ शकतो. गाठी वाढल्यावर त्यांच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून रक्तपुरवठा रोखतात. रोग पसरल्यास प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे देतात. २०२० पासून त्यांच्या संयुक्त उपचाराने आयुष्य वाढू लागले, परंतु पूर्ण मुक्ती विरळाच.

भारतात ‘बी’ची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास, आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यापूर्वीचा. इकडे जर्मनीत मात्र ऑक्टोबर २०२१ पासून सार्वजनिक आरोग्यविमा असलेल्या प्रत्येकास, वयाच्या ३५ व्या वर्षापासून, ‘बी’ व ‘सी’ची तपासणी एकदा विनामूल्य मिळते.

घरातील जुनी कावीळ डॉक्टरांपासून लपवू नका. फ्रँकफर्टमध्ये राहून हा हक्क न वापरणे आपणांस शोभणारे नाही. येत्या महिन्यातच आपल्या डॉक्टरांकडे ही तपासणी मागा.

जयभीम!