खराट्याची काडी आणि विमानविद्या
(पालक मेळाव्यातील भाषण)



“शाळेत मुले विमाने उडवतात, मग अभ्यास कधी करतात?” असे उस्मानपुऱ्यातील काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

आमच्या ग्लायडरला खर्च जवळजवळ नाही. खराट्याची सरळ काडी, जुन्या लग्नपत्रिकेचे पंख व शेपूट आणि नाकाशी मातीची गोळी. गोळी हलकी पडली तर ग्लायडर नाक वर करून मध्येच कोसळतो. जड झाली तर सरळ जमिनीत घुसतो. शेपूट काढले तर कोलांट्या खातो. एका वेळी एकच बदल करायचा, दहा वेळा फेकायचे, अंतर मोजून वहीत मांडायचे आणि सरासरी काढायची. हाच अभ्यास!

इतिहासही असाच शिकावा. नवव्या शतकात कॉर्डोव्हाच्या अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून झेप घेतली. उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली, कारण त्यांनी शेपूट लावले नव्हते, असे अल-मक्करी लिहितात. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण अल-मक्करींचा ग्रंथ 17 व्या शतकातला, हेही मुलांना सांगा. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगतात. त्याचाही खात्रीचा पुरावा मिळालेला नाही. अभिमान वेगळा, पुरावा वेगळा. आपला असो वा शेजाऱ्याचा, माप एकच हवे.

राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत. 1901 चा त्यांचा ग्लायडर अपेक्षेइतका उचलला गेला नाही. त्यांनी नशिबाला बोल लावला नाही. हवेचा झोत सोडणारी पेटी बनवून लहान लहान पंख तपासले. 1902 चा ग्लायडर सुधारला आणि 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे इंजिनाचे विमान 12 सेकंदांत 120 फूट गेले. एवढे अंतर आपली मुलेही टेपने मोजू शकतात.

पालकहो, उद्या तुमची मुलगी खराट्याची काडी मागेल, तेव्हा रागावू नका. “किती फूट गेले? काय बदल केलास?” एवढेच विचारा. चिकलठाण्याला उतरणारी विमाने आपल्या मुलामुलींनी नुसती पाहत राहू नये. ती का उडतात, हे त्यांना सांगता आले पाहिजे.