कानाने शिकायची फ्रेंच

पुस्तकात फ्रेंच शब्द सुटे दिसतात. कानावर मात्र ते हातात हात घालून येतात. ‘ले’ आणि ‘आमी’ शेजारी आले की होतं ‘लेझामी’, म्हणजे मित्रमंडळी. एरवी मुका राहणारा ‘स’ इथे ‘झ’ होऊन बोलू लागतो!

हे कानालाच कळायचं.

फ्रान्सचं ‘आरएफआय’ रेडिओ केंद्र सोप्या फ्रेंचमध्ये रोज 10 मिनिटांचं बातमीपत्र देतं, तेही लिखित संहितेसह. भाजी निवडताना ते आधी नुसतं ऐकावं, मग संहिता समोर ठेवून. आकडे सुरुवातीला हमखास चकवतात. फ्रान्समध्ये 80 म्हणजे ‘चार वीस’. खेड्यातल्या आजीच्या ‘चार विसां’सारखंच! नाकातले स्वरही कोकणी बोलणाऱ्यांना फारसे परके वाटत नाहीत.

हे बातमीपत्र इंटरनेटवर मोफत ऐकता येतं.