पाय सरळ दिसू लागल्यावर



बाळाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले, टाच वर ओढलेली दिसली की घरात कुजबुज सुरू होते : ग्रहणात आईने काही चिरले असेल. हे खरे नाही. यात आईचा कसलाही दोष नाही. हजारात एक-दोन बाळांना असा पाय असतो. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात, आणि तो बरा होतो.

डॉक्टर आधी हलक्या हाताने पाऊल सरळ करून पाहतात. सहज सरळ झाले, तर ते पोटात आखडून राहिलेले असते. ताठ राहिले, तर क्लबफूट. मालिशने तो सुटत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू झालेले उत्तम.

डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेत बसवलेली पद्धत आज जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरे लागतात. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सैल करतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. प्लास्टर भिजवू नका. बाळाची बोटे निळी पडली, सुजली किंवा आत सरकली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरी कसोटी पुढे आहे. पाय सरळ दिसतो, पण तो पुन्हा वळू शकतो. म्हणून दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर बाळ चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचेच. पाय पुन्हा वाकडा होण्याचे मोठे कारण म्हणजे हे बूट मध्येच सोडणे. बाळ रडते म्हणून आजी ते काढते. बाळंतीण माहेरहून सासरी येते आणि तपासणी राहून जाते. कुटुंब ऊसतोडीला जाते आणि बूट घरीच राहतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्यात क्लबफूटचा समावेश आहे आणि उपचार मोफत आहेत. गाव कोणतेही असो, घरी येणाऱ्या आशाताईंना बाळाचे पाय दाखवा. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला विचारा. गाव सोडताना बूट आणि उपचाराचे कागद सोबत घ्या. बूट लहान झाले की लगेच नवे मागा. डॉक्टर सांगतील तोपर्यंत ते सोडू नका.