वेळेवर बिल भरणाऱ्यांसाठी दोन शब्द

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'बँकेतील फसवणुकी'. पण ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे तुम्हाला रोज मोबाइलवर ऐकायला मिळतं. तेच मी पुन्हा सांगितलं, तर तुम्ही चहाची वाट बघत बसाल. म्हणून आज एका वेगळ्या फसवणुकीबद्दल बोलतो. ही फोनवर येत नाही, ओटीपी मागत नाही. साध्या टपालाने, खिडकीच्या पाकिटातून येते आणि अगदी बिलासारखी दिसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेबसाइटला जे नाव असतं, अमुक डॉट कॉम, त्याला डोमेन नेम म्हणतात. पुष्कळांना वाटतं की हे नाव आपण विकत घेतलं. तसं नसतं. ते बँकेच्या लॉकरसारखं आहे. भाडं भरलं तोवर आपलं. एका वर्षाचं भरा, नाहीतर एकदम जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरा. पण मुदत संपली की नूतनीकरण करावंच लागतं. हे भाडं ज्या कंपनीकडे भरायचं, तिला रजिस्ट्रार म्हणतात. रजिस्ट्रार म्हटल्यावर आपल्या सेक्रेटरींनी दचकू नये, हे सहकार खात्याचे रजिस्ट्रार नव्हेत!

आता ते पत्र कसं असतं ते सांगतो. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथल्या छोट्या व्यावसायिकांना अशी पत्रं वर्षानुवर्षं येत आली आहेत. वर सरकारी वाटावं असं नाव. काही पत्रांवर झेंड्याचं चित्र. मध्ये तुमच्या वेबसाइटचं अचूक नाव, तिची मुदत संपण्याची अचूक तारीख आणि खाली रकमेचा तक्ता: एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. चेक पाठवायला सोबत पाकीट. सगळी माहिती खरी, फक्त पाठवणारा तुमचा रजिस्ट्रार नसतो.

पैसे भरल्यावर काय होतं? दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात तुमचं नाव खरोखरच जुन्या कंपनीकडून या नव्या कंपनीकडे हलवलं जातं, आणि दर बहुधा कितीतरी जास्त असतो. आपण समजतो नूतनीकरण केलं, प्रत्यक्षात सही केलेली असते हस्तांतराच्या अर्जावर. दुसरा प्रकार अधिक वाईट. त्यात नूतनीकरण होतच नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही रक्कम 'सर्च इंजिनमध्ये नोंद करून देण्याच्या' सेवेची आहे. माणूस पावती फाइलला लावून निश्चिंत होतो, आणि खरी मुदत तिकडे संपून जाते.

यातलं गाजलेलं प्रकरण 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' या कंपनीचं. नाव अमेरिकेचं, पण कंपनी कॅनडातली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याविरुद्ध कोर्टात तक्रार केली की, ही पत्रं नूतनीकरणाची भासवून ग्राहकांना नकळत दुसरीकडे वळवलं जातं. डिसेंबर 2003 मध्ये तडजोडीचा हुकूम झाला, दिशाभूल करायला मनाई झाली आणि 50,000 पर्यंत ग्राहकांना भरपाई देण्याची तरतूद झाली. संपलं का? नाही. पत्रं येतच राहिली. पुढे जुलै 2014 मध्ये, डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने याच पत्रांशी जोडलेल्या ब्रँडन ग्रे या रजिस्ट्रार कंपनीला 90 दिवस नवीन नोंदणी आणि आपल्याकडे हस्तांतर करून घेणं बंद केलं. मधल्या अकरा वर्षांत किती चेक गेले असतील, त्याचा विचार करा.

तुम्ही विचाराल, यांना आपलं नाव, पत्ता, तारीख कळते कुठून? डोमेन घेणाऱ्याची माहिती 'हू-इज' नावाच्या यादीत सर्वांना खुली असायची. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा मे 2018 मध्ये लागू झाल्यावर त्यातले पत्ते बरेचसे झाकले गेले. पण मुदतीची तारीख अजूनही कोणालाही पाहता येते. म्हणून आता तेच पत्र ईमेलने येतं, आणि ईमेलला ना समुद्र आडवा येतो, ना पोस्टाचा खर्च. ते तुमच्या-आमच्याकडेही येतं.

आता हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटत असेल तर एक हकिकत सांगतो. माझे बँकेतले एक जुने सहकारी, अतिशय टापटिपीचा माणूस, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलीकडे गेले. मुलगी तिथे कथकचे वर्ग चालवते. जावई-मुलगी दिवसभर कामात, तर टपाल उघडून लावून ठेवणं हे काम यांनी आपणहून घेतलं. असं एक पत्र आलं. यांनी मुलीला सुनावलं, ''अगं, तुझं बिल पडून आहे, शेवटची तारीख जवळ आली!'' ती घाईत, तिने भरून टाकलं. ते निघालं दुसऱ्या प्रकारचं. महिन्याभराने वेबसाइट बंद, ईमेल बंद, आणि नेमका नव्या प्रवेशांचा हंगाम. खऱ्या रजिस्ट्रारकडे पैसे भरून नाव परत मिळालं, कारण मुदतीनंतरही काही दिवस सवलत असते. पण आमचे मित्र फोनवर मला म्हणाले, ''मुलीला मदत करायला गेलो आणि तिच्याच पोटावर पाय दिला रे.'' पैशांपेक्षा त्यांना तेच लागलं होतं.

मी त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. बँकेत आम्ही गिऱ्हाइकांना बजावायचो, लोभ करू नका, दामदुप्पटीच्या मागे लागू नका. पण ही फसवणूक लोभी माणसाची होत नाही. ती होते वेळेवर बिल भरणाऱ्याची, पावत्या जपणाऱ्याची, थकबाकीला घाबरणाऱ्याची. म्हणजे आपल्या पिढीची. आपली चांगली सवयच तिथे आमिष म्हणून वापरतात. तेव्हा फसलेल्याला घरात बोल लावू नका. तो लपवायला लागला, तर पुढचं नुकसान दुप्पट होतं.

उपाय सोपे आहेत. बँकेत चेक पास करताना आम्ही नमुना सही ताडून बघायचो, तसंच करायचं. पहिलं, आपला रजिस्ट्रार कोण, हे वहीत लिहून ठेवा, आणि आलेल्या पत्रावरचं नाव त्याच्याशी ताडा. दुसरं, पत्रातल्या पत्त्यावर किंवा लिंकवर पैसे भरू नका; स्वतःच्या खात्यात जाऊन तारीख बघा. तिसरं, मागची बाजू आणि बारीक अक्षरं वाचा. अमेरिकन कायद्याप्रमाणे बिलासारख्या दिसणाऱ्या जाहिरातीवर 'हे बिल नाही' असं छापावं लागतं, आणि ते वाक्य पुष्कळदा तिथे असतंही! चौथं, डोमेनला 'लॉक' लावून ठेवा आणि हस्तांतराचा कोड कोणालाही देऊ नका. तो लॉकरच्या किल्लीसारखा आहे. आणि आपल्याकडे कोणी ऑनलाइन फसलंच, तर लाज न बाळगता 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

शेवटी आपल्या घरचं. आपल्या सोसायटीची वेबसाइट एका माजी सभासदाच्या मुलाने हौसेने, एक पैसा न घेता करून दिली. त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. पण मी चौकशी केली, तेव्हा कळलं की डोमेन अजून त्याच्याच ईमेलवर आहे, आणि तो आता बंगळूरला असतो. म्हणजे खरी नूतनीकरणाची सूचना त्याला जाणार, आणि खोटी आली तर ती आपल्या ऑफिसात येणार. तिच्यातली खोट ओळखायला आपल्याकडे कागदच नाही. उद्या नवी कमिटी आली, तर तिलाही काही कळणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक छोटा ठराव करावा. डोमेन सोसायटीच्या नावावर आणि सोसायटीच्या ईमेलवर घ्यावं. रजिस्ट्रारचं नाव आणि मुदतीची तारीख लिफ्टच्या देखभाल कराराशेजारी, त्याच रजिस्टरमध्ये लिहावी. कमिटी बदलताना चार्ज देतो, त्या यादीत ही एक ओळ वाढवावी. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो सेक्रेटरींकडे देतो. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे.