मरणाची नोंद, वारसाचा हक्क



घरधनी गेला, की सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायला पहिला कागद लागतो मृत्यूच्या दाखल्याचा. नोंद होते ती मरण जिथे आले तिथे. माणूस गावात गेला तर ग्रामपंचायतीत, शहरातल्या दवाखान्यात गेला तर त्या शहराच्या नोंदणी कार्यालयात. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत खबर द्यायची. वर्ष उलटले, की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. आजा-पणजाच्या नोंदी तहसिलीच्या जुन्या दप्तरात, कोतवाल बुकात शोधायच्या. नाव, गाव, साल घालून लेखी अर्ज करायचा, फी भरायची, पोच घ्यायची. उतारा ही साहेबाची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. विधवा बहिणीला एकटीने खेटे घालू द्यायचे नाहीत. आपण चौघे सोबत जाऊ.