मुदत कोणत्या दिवसापासून?



घरच्या वडील माणसाला शुश्रूषागृहात ठेवावे लागले तर त्यात पाप नाही. परंतु पैसे मोजूनही तेथे हेळसांड झाली, कूस न बदलल्यामुळे पाठीला जखमा पडल्या, तर आपण काय करतो? “वर्षश्राद्ध तरी होऊ द्या,” म्हणतो. कायदा श्राद्धासाठी थांबत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे ६९ वे कलम सांगते की, ग्राहक आयोगाकडे तक्रार २ वर्षांच्या आत गेली पाहिजे. ही वर्षे तक्रारीचे कारण घडले तेव्हापासून मोजतात. व्यवस्थापकांशी गोडीने पत्रव्यवहार चालू आहे, एवढ्याने मुदत थांबत नाही. पुष्कळ घरे फसतात ती इथेच. माणूस दगावले असल्यास वारसांना तक्रार करता येते. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण ‘संकोच वाटला’ या कारणावर मी तरी विसंबणार नाही. रुग्णाचे कागद लगेच लेखी मागावेत. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यावयाचे असतात.

पोटच्या मुलांनीच टाकले असेल तर वाट निराळी. २००७ च्या कायद्यान्वये आईबापांना निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निकाल न पटल्यास अपिलाला निकालाच्या तारखेपासून अवघे ६० दिवस! दिवाळीचे पाहुणे येऊन जाईपर्यंत ते सरतात.

अर्जाचा नमुना मी आणला आहे. ज्यांना उतरवून घ्यावयाचा असेल त्यांनी चहानंतर थांबावे.