संगीत-विद्यालयाचा अर्ज

फलटणच्या एका मुलीचा संगीत-विद्यालयासाठीं लिहिलेला अर्ज तिच्या वडिलांनीं मला दाखविला. चार पानांत ‘मला संगीताची उपजत आवड आहे’ हें वाक्य तीनदां होतें. ती गाते काय, याचा मात्र पत्ता नव्हता!

पूर्वीं अर्जाचें काम सेवेनें होई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ ग्वाल्हेरची गायकी अशीच मिळविली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि गुरुगृहींची विद्या वर्गांत आली. वर्षानुवर्षें पारखणाऱ्या गुरूऐवजीं परक्या परीक्षकांच्या हातीं आतां प्रथम कागदच पडतो.

मीं विचारलें, “रोज किती वेळ बसतेस?”

“पहाटे दीड तास. यमनचा विलंबित ख्याल येतो. ताना अजून लयींत बसत नाहींत.”

“मग हेंच लिही.”

ती चपापली. उणीव लिहावयाची? अवश्य! दहा राग लिहिले, तर परीक्षक नेमका कच्चा तोच गावयास सांगावयाचे. शिवाय कोणापाशीं किती वर्षें शिकलीस, कोणती परीक्षा दिलीस, आणि याच विद्यालयांत कोणती उणीव भरून निघेल असें तुला वाटतें, हें येऊं दे. या शेवटच्या प्रश्नापाशीं ती दोन दिवस अडली.

नवा अर्ज एका पानांत बसला. वडिलांना तो फारच रोडका वाटला. त्यांच्या आग्रहाखातर श्रीराम मंदिरांत म्हटलेल्या अभंगाचा उल्लेख राहूं दिला. तोहि खराच होता.